मॉरिशसची वही

बँकेच्या मुंबईतील परकीय चलन विभागात मी चार वर्षे काढली. त्या काळात ‘मॉरिशस’ हे नाव माझ्या टेबलावरून जवळजवळ दररोज जात असे. भारत आणि मॉरिशस यांच्यात १९८२ साली दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झाला. पुढे आपला शेअरबाजार परकीय गुंतवणुकीला खुला झाल्यावर जगभरचा पैसा या चिमुकल्या बेटाच्या पत्त्यावरून आपल्याकडे येऊ लागला, कारण समभाग विकून झालेल्या नफ्यावर कर न भरण्याची सोय त्या करारात होती. २०१६ साली करारात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या समभागांपुरती ती वाट बंद झाली. आपल्या व्यापारी वाचकांपैकी कित्येकांना हा इतिहास माझ्याहून अधिक बारकाईने ठाऊक असेल. माझ्यापुरते मॉरिशस म्हणजे लिफाफ्यावरचा एक पत्ता होता. निवृत्तीनंतर ते बेट डोळ्यांनी पाहण्याचा योग आला आणि पत्त्यामागे माणसे दिसली. त्या माणसांविषयी, आणि त्यांच्यामुळे आमच्या कामरगावच्या घरात निघालेल्या एका विषयाविषयी, चार शब्द लिहावेसे वाटतात.

गेल्या मे महिन्यात आमच्या विवाहाला चाळीस वर्षे पूर्ण झाली. अशा निमित्ताने मुलांनी आईवडिलांना परदेशी नेण्याची रीत आता आपल्या घरांतून रुळली आहे. बंगळूरच्या चिरंजीवांनी प्रथम पाठवलेली चित्रे प्रशांत महासागरातील ताहिती आणि बोरा बोरा या बेटांची होती. मध्यभागी उंच काळा डोंगर, भोवती निळेहिरवे शांत पाणी आणि पाण्यातच खांबांवर उभ्या केलेल्या गवती छपराच्या खोल्या. समुद्रावर अशा खोल्या बांधून त्या पर्यटकांना भाड्याने देण्याची कल्पना १९६० च्या दशकात त्याच फ्रेंच पॉलिनेशियात निघाली आणि पुढे जगभर पसरली. तिथे पोचायचे तर दोन-तीन विमाने बदलावी लागतात. सौ.ने चित्रे पाहिली, नकाशा पाहिला आणि म्हणाली, “इतके दूर जाऊन पाण्यावरच निजायचे, तर आपले अडाण धरण काय वाईट आहे?” शेवटी मॉरिशस ठरले. मुंबईहून सरळ विमान, सुमारे सहा तासांचा प्रवास, घड्याळ दीड तास मागे करायचे आणि भारतीयांना व्हिसासाठी पैसे पडत नाहीत. हिशेब जमला.

लगून दोन्हीकडे आहे, निळाई दोन्हीकडे आहे. तरी या बेटांत एक मूलभूत भेद आहे. पॉलिनेशियातील बेटांवर युरोपीय जहाजे पोचण्याच्या शेकडो वर्षे आधी तिथले लोक ताऱ्यांच्या आणि लाटांच्या खुणांवरून नावा हाकत येऊन वसले होते. त्यांची भाषा, नृत्ये, गोंदण, निषिद्धांचे नियम हे सारे त्या भूमीवर मुरलेले आहे. ‘टॅबू’ आणि ‘टॅटू’ हे इंग्रजीतील शब्द त्यांच्याच भाषांतून आले. मॉरिशसवर १५९८ साली डच उतरले तेव्हा तिथे मनुष्यवस्ती नव्हती. उडता न येणारा डोडो पक्षी मात्र होता, तो पुढच्या शंभर वर्षांच्या आत नाहीसा झाला. डच गेले, फ्रेंच आले, १८१० साली इंग्रज आले. आफ्रिकेतून आणि मादागास्करमधून गुलाम आणले गेले, आणि त्यानंतर हिंदुस्थानातून मजूर. त्या बेटावर मूळचा असा कोणी नाही. जो तो कोणत्या ना कोणत्या जहाजातून उतरलेला आहे, आणि बहुतेकांना आपले जहाज निवडण्याची मुभा नव्हती.

आमचे हॉटेल पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आँ फ्लाक येथे होते. दोन खोल्यांचे एका रात्रीचे भाडे मी नोकरीला लागलो तेव्हाच्या माझ्या वर्षभराच्या पगाराहून अधिक होते. ही तुलना मी मनातच ठेवली. आगमनाबरोबर मनगटावर एक कागदी पट्टी बांधतात. ती पट्टी दाखवली की खाणेपिणे, नौका, पोहण्याची साधने सर्व काही मिळते आणि पैशाचे नाव कोणी काढत नाही. आपल्यातील जे कुटुंबासह जाण्याच्या विचारात असतील त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना: मे महिन्यात तिथे सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो आणि हॉटेलांतील रात्रीचे भोजन सातला सुरू होते. आम्ही पहिल्याच दिवशी स्वयंपाकघराच्या प्रमुखांना भेटून सांगितले. दुसऱ्या दिवसापासून पाच वाजता आमच्यासाठी कांदा, लसूण आणि कंदमुळे वर्ज्य करून वरण, भात, भाजी टेबलावर येत असे. खाखरे आणि मेतकूट आम्ही सोबत नेले होते, पण डबे अर्धे भरलेलेच परत आले.

लगून म्हणजे काय, हे आपल्या वऱ्हाडातील वाचकाला शब्दांत सांगणे अवघड आहे. शाळेच्या भूगोलात त्याला ‘खाजण’ म्हणत असत. कोकणात खाजण म्हणजे खाऱ्या पाण्याची जमीन, म्हणून तो शब्द मी वापरत नाही. किनाऱ्यापासून काही अंतरावर समुद्रात प्रवाळाची एक भिंत उभी असते. मोठ्या लाटा त्या भिंतीवर फुटतात. किनाऱ्यावरून पाहिले तर दूर क्षितिजाखाली एक पांढरी रेघ सतत हलताना दिसते आणि तिचा घोष रात्रंदिवस कानी येतो. भिंतीच्या अलीकडचे पाणी मात्र उथळ, कोमट आणि तळापर्यंत स्वच्छ. शेतात बांध घातला की पावसाचे पाणी जसे अलीकडे निवांत थांबते, तशी ही रचना. फरक इतकाच की हा बांध सजीवांनी बांधलेला आहे. मुंगीहून लहान असे असंख्य जीव आपल्या देहाभोवती चुन्याचे कवच रचतात आणि हजारो वर्षांत त्या कवचांची ती भिंत होते. आपल्या शास्त्रांत पोवळ्याची गणना पृथ्वीकायिक जीवांत केलेली आहे, ही आठवण सौ.ला तिथे झाली. काचेचे शिरस्त्राण घालून समुद्राच्या तळावर चालण्याचा कार्यक्रम आमच्या भाड्यात अंतर्भूत होता. तिने नकार दिला. “ज्यावर पाय ठेवायचा ते जिवंत आहे,” एवढेच ती म्हणाली. दक्षिणपूर्वेला ब्लू बे नावाच्या संरक्षित सागरी उद्यानात तळाला काच असलेल्या होडीतून तिने ते सर्व पाहिले. शिंगांसारखे, पानकोबीसारखे, मेंदूच्या घड्यांसारखे प्रवाळ आणि त्यांतून फिरणारे पिवळे-काळे मासे. नात नऊ वर्षांची आहे. ती होडीत पालथी पडून काचेला नाक लावून तासभर हलली नाही.

त्या बेटाच्या दक्षिण टोकाला ग्री ग्री नावाचे स्थळ आहे. तेवढ्या भागात प्रवाळाची भिंत तुटलेली आहे. तिथे समुद्र सरळ काळ्या कड्यावर आदळतो आणि पोहणे धोक्याचे असल्याच्या पाट्या आहेत. लगूनची किंमत कळायची असेल तर दोन घटका इथे उभे राहावे.

तो काळा खडक मला ओळखीचा वाटला. उसाच्या शेतांतही काळ्या दगडांचे चौकोनी ढीग ठिकठिकाणी रचलेले दिसत होते. लागवडीसाठी मजुरांनी हातांनी वेचून काढलेले ते दगड आहेत. भूशास्त्रज्ञांचे मत असे, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्थानावरून लाव्हा बाहेर येऊन आपले दख्खनचे पठार झाले, त्याच स्थानावरून भूखंड उत्तरेकडे सरकल्यावर फार पुढे मॉरिशस आणि त्याच्या शेजारचे रियुनियन ही बेटे वर आली. कामरगावच्या काळ्या मातीचा आणि त्या बेटाचा खडक अशा अर्थाने एकाच भट्टीतला आहे. चिरंजीवांना हे सांगितले तर त्यांनी मोबाइलवर तपासून पाहिले आणि मान डोलावली. हल्ली वडिलांचे म्हणणे असेच पटते.

चार दिवसांसाठी गाडी ठरवली होती. चालक पन्नाशीचा, सावळा, अबोल. पहिल्या दिवशी तो आमच्याशी हिंदीत बोलला, हॉटेलच्या दारावरील माणसाशी फ्रेंचमध्ये आणि स्वतःच्या मोबाइलवर क्रिओलमध्ये. दुसऱ्या दिवशी सौ. आणि मी मागच्या आसनावर मराठीत काही बोलत होतो, तेव्हा तो आरशात पाहून हळूच म्हणाला, “अंकल, आम्ही पण मराठी.” मग त्याने आपले आडनाव सांगितले. ते आडनाव नव्हतेच. एका माणसाचे नाव होते, कोकणात शंभर वर्षांपूर्वी घरोघर असलेले. मजुरांच्या नोंदी करणाऱ्या गोऱ्या कारकुनाने ज्याचे जे नाव कानी आले तसे इंग्रजी लिपीत लिहिले, आणि पुढच्या पिढ्यांनी तेच आडनाव म्हणून धरले. तिथल्या अनेक भारतीय घराण्यांची आडनावे अशी पणजोबांची नावे आहेत, आणि तीही इंग्रज कारकुनाच्या कानाने ऐकलेली.

त्याने आम्हाला कास्कावेल गावात नेले. आमच्या हॉटेलपासून ते काही मिनिटांच्याच अंतरावर होते. इथली वस्ती पुष्कळशी मराठी आहे आणि मंदिरही मराठी लोकांचेच. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. मूर्ती मिरवत नेऊन लगूनच्या पाण्यात विसर्जन करतात. त्या दिवसांत झाकरी नावाचे नृत्य होते. झाकरी म्हणजे कोकणातली जाखडी हे ऐकल्यावर माझ्या ध्यानात आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई बंदरातून जी माणसे गेली त्यांत रत्नागिरीकडची पुष्कळ होती, आणि त्यांच्या पायांत ते नृत्य टिकून राहिले. आमच्या चालकाला पाच-सहा आरत्या मुखोद्गत होत्या. मी एका ओळीचा अर्थ विचारला, तर तो मोकळेपणाने हसला. त्याच्या घरात बोलतात क्रिओल. नैवेद्य, आरती, हळद, नवस, देवघर हे शब्द मराठी. बाकी संसार क्रिओलमध्ये. त्याची धाकटी मुलगी मात्र शाळेत मराठी शिकते. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी यांपैकी एक भाषा निवडून शिकता येते आणि शिक्षकाचा पगार सरकार देते. मुलीने आमच्या नातीला तिचे नाव देवनागरीत लिहून दाखवले. आमची नात बंगळूरच्या शाळेत इंग्रजी, कन्नड आणि हिंदी शिकते. मराठी ती समजते, बोलते थोडी, पण वाचत नाही. ती कितीतरी वेळ त्या कागदाकडे पाहत होती. सूनबाईंनी आणि मी एकमेकांकडे पाहिले, काही बोललो नाही.

बँकवाल्याची नजर कुठेही गेली तरी नोटांवर जाते. मॉरिशसच्या नोटेवर रक्कम इंग्रजी, तमिळ आणि देवनागरी अशा तीन लिप्यांत छापलेली असते. १९९८ साली नव्या नोटांवर देवनागरी दुसऱ्या आणि तमिळ तिसऱ्या ओळीत आली, तेव्हा तमिळ समाजाने मोठा आक्षेप घेतला. आमचे पूर्वज आधी आले, जुन्या नोटांवर आमची लिपी दुसरी होती, हे त्यांचे म्हणणे. नोटा मागे घेतल्या गेल्या आणि १९९९ साली जुन्या क्रमाने नव्या छापल्या. कोण आधी उतरला याचा हिशेब तिथे असा अजून जिवंत आहे. चलनाचे नाव रुपया, तेही आपल्याच रुपयावरून. १८७० च्या दशकात भारतीय व्यापार आणि मजूर इतके वाढले होते की इंग्रज सरकारला रुपयाच तिथले अधिकृत चलन करावा लागला.

तिसऱ्या दिवशी राजधानी पोर्ट लुईमध्ये आप्रवासी घाट पाहिला. बंदरालगत दगडी इमारतींचे काही अवशेष, स्नानगृहाच्या जागा, दवाखान्याची खोली आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या पायऱ्या. २००६ साली युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारशात घेतले. गुलामगिरी बंद होताना साखरेच्या मळ्यांना माणसे हवी होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन आले आणि पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे हिंदुस्थानातून त्या धक्क्यावर उतरली. करार पाच वर्षांचा, पुरुषाचा पगार महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांचा पगार कापण्याचा नियम होता; मळ्यांवर त्याला ‘डबल कट’ म्हणत. परतीचे जे भाडे आधी सरकार देत असे तेही १८५० च्या दशकात बंद झाले. १८६७ च्या कायद्याने तर जुन्या मजुराला आपले छायाचित्र लावलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे. नसेल तर तुरुंग. आमच्या मनगटावर हॉटेलच्या पट्ट्या होत्या. चालकाने माझ्या पट्टीकडे पाहिले आणि नजर वळवली, की मलाच तसे वाटले, कोण जाणे.

अशाही स्थितीत ती माणसे पैसे राखत होती, हे मला सर्वांत अद्भुत वाटले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचे भाव पडल्यावर मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. त्या भारतीय मजुरांनी विकत घेतल्या. काहींनी हप्त्याने, काहींनी चार-पाच कुटुंबांचे पैसे एकत्र करून. पाच रुपये महिन्यातून! ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बचतीला पुण्य मानले त्या समाजातील मी. पण या बचतीपुढे माझी मान लवली. त्याच जमिनीवर आज त्यांच्या नातवंडांची घरे आहेत. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला तो त्यांच्याच मतांवर; दिवस निवडला तो दांडीयात्रेच्या प्रारंभाचा.

घाटाबाहेरच्या रस्त्यावर दालपुरी विकणारे उभे असतात. मऊ पोळीत वाटलेली पिवळी डाळ भरलेली. सोबतच्या रश्शात कांदा-लसूण असतो म्हणून आम्ही ती नुसतीच घेतली. “ही तर बिनगुळाची पुरणपोळी,” सौ. म्हणाली, आणि चालकाला तो शब्द नीट सांगितला. त्याने दोनदा उच्चारून पाहिला.

तिथेच एका बाकावर बसून त्याने मोबाइलमध्ये जपलेला एक कागद मला दाखवला. मोका येथे महात्मा गांधी संस्था आहे. १९७० साली ती स्थापन झाली आणि भारतीय मजुरांच्या नोंदवह्या आता तिच्या अभिलेखागारात ठेवलेल्या आहेत. वंशज तिथे जातात, नाव सांगतात, क्रमांक शोधला जातो आणि नोंदीचा उतारा मिळतो. या उताऱ्यावर एक क्रमांक होता, जहाजाचे नाव, पोचल्याची तारीख, नाव, बापाचे नाव, वय २२, उंची ५ फूट ३ इंच, जात मराठा, उजव्या भुवईवर व्रण. जिल्हा रत्नागिरी, त्या काळच्या लांबलचक इंग्रजी अक्षरांत. आणि गाव. गावाच्या नावावर तो अडला होता. “अंकल, तुम्ही तिकडचे. हे कोणते गाव?”

बँकेत मी अडतीस वर्षे सह्या पडताळल्या आहेत. कागद मोठा करून, उभा-आडवा धरून पाहिला. सावर्डे असावे असे वाटले. पण तिसरे अक्षर ‘र’ की ‘न’ हे ठरेना, आणि त्या नावाशी जुळणारी गावे कोकणात एकाहून अधिक आहेत. मी त्याला तसे सांगितले. खात्री नसताना सही पटली असे म्हणू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला पाठ. तो निराश झाला नाही. म्हणाला, “एवढे तरी कळले की ‘स’ आहे.” मग त्याने जे सांगितले ते मी इथे त्याच्याच अर्थाने लिहितो. ती वही पणजोबांना बांधून ठेवण्यासाठी लिहिली होती. पळाला तर ओळखता यावा म्हणून भुवईवरचा व्रण लिहिला होता. पण त्यांच्या स्वतःच्या हातचे, त्यांच्या मुलखातले काहीही उरलेले नाही. ज्या कारकुनाने त्यांना क्रमांक दिला त्याच्याच कागदावर आज त्यांचा बाप आणि त्यांचे गाव सापडते.

हे ऐकताना माझे मन कामरगावला गेले. आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांच्या आणि वडिलांच्या किराणा व अडतीच्या वह्या आहेत. तिघे भाऊ मिळून ते घर विकण्याचे ठरले आहे, व्यवहार झाला आहे, आणि वह्या रद्दीत घालायच्या हेही ठरल्यासारखेच होते. आपल्यापैकी किती घरांतून असे झाले असेल! या वह्यांत आमची माणसे क्वचितच आहेत. त्यांत आहेत पंचक्रोशीतले शेतकरी, मजूर, विणकर, तेली. नाव, बापाचे नाव, गाव, रक्कम, निशाणी अंगठा. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या काढून जाळल्या, हे इतिहासात आहे आणि त्यांना तसे का वाटले हेही आहे. आपल्या वह्यांतली सगळीच पाने अभिमानाने दाखवावीत अशी नसतील. तरीही ज्यांची नावे त्यांत आहेत त्यांच्या घरी दुसरा कागद नाही.

शेवटच्या दिवशी ब्लू बेच्या वाटेवर चालकाने एका ठिकाणी गाडी थांबवून समुद्रातील एक जागा दाखवली. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशियो’ नावाचे जपानी मालकीचे जहाज तिथे प्रवाळाच्या भिंतीवर चढले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून सुमारे एक हजार टन तेल लगूनमध्ये सांडले. सरकारी व्यवस्था हलण्याआधी गावोगावचे लोक किनाऱ्यावर आले. उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून, त्या शिवून, दोराने जोडून त्यांनी तेल अडवण्याचे लांबच लांब तरंगते बांध केले. केसांना तेल धरून ठेवण्याचा गुण असतो, म्हणून माणसांनी केस कापून दिले. चालकाच्या पत्नीने तीन रात्री शिवणयंत्रावर पिशव्या शिवल्या. कोण मराठी, कोण तमिळ, कोण मुसलमान, कोण क्रिओल हे त्या चिखलात कोणी पाहिले नाही, असे तो सांगत होता. हॉटेलवाल्यांचे नुकसान झालेच असते; पण तिथे किनारा कायद्याने सर्वांचा आहे आणि दर रविवारी गावचे लोक सुरूच्या झाडांखाली चुली मांडून जेवतात. ते लगून त्यांचे अंगण आहे. सौ.ने त्याच्या पत्नीसाठी सोबत आणलेली एक पैठणी दिली. निघताना तो आम्हा दोघांच्या पाया पडला. नात गाडीतच झोपली होती. तिच्या मुठीत देवनागरीत नाव लिहिलेला तो कागद तसाच होता.

जूनमध्ये पेरणीच्या आधी मी कामरगावला गेलो. अण्णांना आधी फोनवर सांगितले होते, “वह्यांना हात लावू नका.” त्यावर त्यांचा प्रश्न रास्त होता: “ठेवून करायचे काय? मोडी वाचणार कोण?” माळ्यावरून एकसष्ट वह्या निघाल्या. लाल कापडात बांधलेल्या, काही वाळवीने खाल्लेल्या. जुन्या मोडीत, १९५० नंतरच्या देवनागरीत. मोडीचे वर्ग शासनाचे पुराभिलेख खाते चालवते. कारंज्याच्या पुतण्याने नाव घालण्याचे कबूल केले आहे, पाहू. वह्या आता त्याच्याकडे दोन पत्र्याच्या पेट्यांत डांबराच्या गोळ्या घालून ठेवल्या आहेत.

त्या उतरवताना मदतीला शेजारच्या वाडीतला एक तरुण आला होता. तो पुण्याला गॅरेजमध्ये काम करतो, सुट्टीवर आला होता. धूळ झटकता झटकता त्याने विचारले, “काका, माह्या आज्याचं नाव असंल का यात?” गाव आणि आजोबांचे नाव विचारून मी देवनागरी वह्या चाळायला बसलो. दीड तासाने १९६२ च्या वहीत सापडले. नाव, बापाचे नाव, बैलजोडीसाठी रुपये १२०, शाईचा अंगठा. पुढे ६५ रुपये जमा, आणि त्यापुढे पान कोरे. पोराने त्या अंगठ्याचा मोबाइलवर फोटो काढला, तो मोठा करून पाहिला, स्वतःचा अंगठा पडद्याशेजारी धरला.

“म्हणजे काका, पंचावन्न रुपये अजून आमच्याकडं बाकी हायेत की!”

अण्णा खुर्चीतून म्हणाले, “मुदत केव्हाच संपली रे बाबा. चहा घे.”